परांजपेबाईंचा संताप

परांजपेबाई गेल्याचं मला एका लग्नाच्या पंगतीत कळलं. शेजारच्या पानावरच्या बाई भातावर वरण घेता घेता म्हणाल्या, "त्या कल्याणच्या शाळेतल्या भांडकुदळ परांजपेबाई हो, त्या गेल्या म्हणे." भांडकुदळ! एका शब्दात त्यांनी अख्खी बाई गुंडाळून ठेवली आणि वाढप्याकडे मठ्ठा मागितला. लग्न माझ्या सख्ख्या भाचीचं होतं म्हणून मी पानावरून उठले नाही. पण तो शब्द तेव्हापासून माझ्या घशात अडकून बसला आहे. परांजपेबाई भांडायच्या, हे खरं. पण कुणाशी, कशासाठी, आणि त्या भांडत होत्या तेव्हा कुणाशी वाकडं न घेणारे बाकीचे शहाणे लोक काय करत होते, हे मात्र कुणी विचारत नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हापासूनची ही गोष्ट. कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि परांजपेबाई शास्त्र. राहायला दोघी डोंबिवलीत, एकाच चाळीत. डोंबिवली तेव्हा शहर नव्हतंच. स्टेशनाबाहेर चार दुकानं, थोडे बंगले, आमच्यासारख्या दोन-चार चाळी, आणि पुढे भातशेती. चाळीच्या मागे विहीर होती आणि सगळ्या बिऱ्हाडांचं पाणी त्या एका विहिरीतून यायचं. आम्ही वरच्या मजल्यावर, आणि परांजपेबाई तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत, एकट्या.

चाळिशीच्या आसपासची, उंच, काटक, सावळी बाई. लग्न केलेलं नव्हतं. अंगावर सुती पाचवारी, डोळ्यांवर चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि पोलक्याला स्वतः शिवून लावलेला एक खिसा. त्यात खडूचे तुकडे, सेफ्टी पिना आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र नांदायचे. चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायच्या. एकदा मुख्याध्यापिकांनी भुवया उंचावल्या तर म्हणाल्या, "पसरट भांड्यात चहा लवकर निवतो. त्यात लाजायचं काय?" आणि पुढचा भुरका आणखी मोठ्यानं मारला.

त्यांचा एक शब्द होता: 'कशावरून?' तो त्या कुणालाही विचारायच्या. दूधवाला म्हणाला, आज म्हैस कमी दूध देते आहे, तर कशावरून? शाळातपासनीस म्हणाले, मुलींचं डोकं गणितात चालत नाही, तर कशावरून? विचारताना आवाजात उपहास नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि तेच लोकांना झोंबायचं. उत्तर आलं नाही की त्या पदर कमरेला खोचायच्या. त्यांनी पदर खोचला की शिक्षकांच्या खोलीतली अर्धी माणसं घंटा व्हायच्या आत वर्गावर निघून जायची.

या बाई शाळेत कशा आल्या, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. एका रविवारी आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत होतो. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्या एम.एस्सी. झालेल्या होत्या आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं बेडकांच्या स्नायूंवर काम करत होत्या.

"बेडकाच्या पायाचा स्नायू वेगळा काढून मिठाच्या पाण्यात ठेवला ना कुसुमताई, तरी तो बराच वेळ जिवंत असतो. विजेचा झटका दिला की आखडतो, पुन्हा सैल पडतो. आता गंमत अशी, की ज्या साठ्यातून तो ताकद घेतो तो साठा अगदी एवढासा. पाहता पाहता संपायला हवा. पण संपत नाही!"

"का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमच्या हातात फुलपात्र आहे, त्यातलं पाणी तुम्ही पिताय. शेजारी कळशी भरून ठेवलीय. फुलपात्र रिकामं व्हायला लागलं की कळशीतून लगेच भरून घेताय. त्या कळशीचं नाव क्रिएटीन फॉस्फेट. स्नायूच्या प्रत्येक पेशीत ती असते. मेंदूच्या पेशीतसुद्धा. पण कळशी तरी कितीशी पुरणार? अगदी थोडा वेळ. तेवढ्यात विहिरीवरून पाणी आणून ती भरावी लागते. विहीर म्हणजे आपण खाल्लेलं अन्न, स्नायूत साठवलेली साखर, छातीत घेतलेला श्वास. जरा थांबलं की कळशी पुन्हा भरते. देवानं म्हणा, निसर्गानं म्हणा, इतकी सुंदर व्यवस्था करून ठेवलीय. फक्त थांबू द्यायला पाहिजे."

"मग ते काम सोडलंत का?"

"सोडलं नाही. काढलं. कायमची जागा निघाली ती माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाला दिली. साहेब म्हणाले, त्याला संसार आहे, तुमचं काय, एकटा जीव." त्यांनी सूप पुन्हा उचललं आणि तांदळातला खडा ओट्याच्या पार पलीकडे भिरकावला. "एकट्या जिवाला बुद्धी नसते, कुसुमताई. कशावरून, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही."

शाळेत त्यांनी पहिलं भांडण काढलं ते शिक्षेवरून. उशिरा आलेल्या मुलींना आमच्याकडे पटांगणात दोन्ही हात वर करून उभं करायची पद्धत होती. दिवा, विठ्ठलवाडी, कुठून कुठून मुली यायच्या आणि उशीर त्यांच्या हातात नसायचा. हात खाली आले की पर्यवेक्षक जोगळेकर ओरडायचे, "ढोंगं करू नका!"

एक दिवस शिक्षकांच्या सभेत जोगळेकर शिस्तीवर बोलायला उभे राहिले. परांजपेबाई उठल्या, फळ्याजवळचं डस्टर आणून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे फक्त हात सरळ लांब करून धरा आणि खुशाल बोला. डस्टरला काही वजन नाही."

जोगळेकर हसले. व्यायामाचा त्यांना अभिमान होता. हात लांब करून बोलू लागले. थोड्या वेळानं वाक्यं तुटायला लागली. मग हात थरथरायला लागला. शिस्तीचं महत्त्व सांगता सांगता कपाळावर घाम आला आणि अखेर डस्टर टेबलावर आदळलं.

"हे ढोंग होतं का, जोगळेकर?" बाईंनी विचारलं.

खोलीत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना हसू येत होतं. ती शिक्षा बंद झाली. पुढे बाई तापानं चार दिवस घरी राहिल्या, तेव्हा पुन्हा सुरू झाली. मुख्याध्यापिकांनी कारण दिलं, "पालकांना कडक शाळा आवडते हो." आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

दुसरं भांडण गूळ-शेंगदाण्यांचं. शास्त्राच्या कपाटात सांगाड्याच्या शेजारी बाईंनी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. सकाळी उपाशी निघालेल्या मुली प्रार्थनेत चक्कर येऊन पडायच्या, आणि गणिताच्या तासाला नुसत्या बघत बसायच्या. बाई त्यांना कपाटापाशी बोलवायच्या आणि मूठभर गूळ-दाणे द्यायच्या. "मेंदू फार खादाड," त्या मुलींना सांगायच्या, "आणि त्याची कळशी फार लहान. त्याला साठवून ठेवता येत नाही. त्याला सतत पुरवठा लागतो. उपाशी मेंदूला मठ्ठ म्हणायचं नाही." संस्थेच्या चिटणीसांनी प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ ठेवल्याबद्दल त्यांना समज दिली. मुली उपाशी का येतात, हे चिटणीसांनी विचारलं नाही. मुंग्या होतील, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण हे सगळं किरकोळ. बाईंचा खरा संताप मी पाहिला तो इंदूच्या वेळी.

आमच्या चाळीत मधल्या खोलीत सामंत राहायचे. सामंतकाकू, आणि त्यांचा एकुलता मुलगा वसंत, मुंबईला कचेरीत कारकून. वसंताचं लग्न झालं आणि इंदू आली. कोकणातली, वडील नसलेली, भावाच्या संसारात वाढलेली मुलगी. गोल चेहरा, हसरी, स्वयंपाकाला चांगली. पहिले काही दिवस काकू कौतुकानं सांगत फिरल्या. मग विहिरीवर कुजबुज सुरू झाली.

इंदू पहिली बादली झपकन ओढायची. दुसरीही ओढायची. त्यानंतर मात्र तिचे हात आखडायचे. ती कठड्याला टेकून उभी राहायची, चेहरा पांढरा पडायचा. बायका रांगेत खोळंबायच्या. "झालं? दमली नवरी?" कुणीतरी म्हणायचं. धुण्याच्या दगडावर तेच, जात्यावर तेच. आणि दुसरीकडे ही मुलगी सावकाश चालत गणपतीच्या देवळापर्यंत जायची, दिवसभर स्वयंपाकघरात उभी असायची, त्याला काही होत नसे. याचा अर्थ चाळीनं लगेच लावला. देवळात जायला ताकद आहे, पाणी ओढायला नाही. कामचुकार.

काकूंनी वैद्य केले, डॉक्टर केले. वैद्यांनी वात सांगितला. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की शरीरात काही दोष नाही, सगळं मनाचं आहे. झालं! त्या दिवसापासून काकूंना जणू परवानाच मिळाला. "मनाचे खेळ माझ्या घरात चालायचे नाहीत," त्या सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा म्हणायच्या.

परांजपेबाई हे बघत होत्या. रोज सकाळी घागर घेऊन विहिरीवर जायच्या आणि आपला नंबर आला तरी मागच्या बाईला पुढे सोडायच्या. मला वाटलं, त्यांचा हात दुखतोय. एके दिवशी म्हणाल्या, "कुसुमताई, ती मुलगी खोटं बोलत नाहीये. तिचा हात आखडला तेव्हा मी दाबून पाहिला. लाकूड झालेलं असतं. असं ढोंग कुणालाही करता येणार नाही, जोगळेकरांनासुद्धा. आणि थांबून मग हळूहळू काम केलं की तिला जमतं. मला वाटतं तिचं फुलपात्र ठीक आहे, कळशी ठीक आहे, पण स्नायूतल्या विहिरीचा दोर कुठेतरी तुटलाय. साखर आहे, ती वर येत नाही. सावकाश काम केलं तर रक्त बाहेरून पखालीनं पाणी आणून घालतं, तेव्हा भागतं. घाई केली की संपलं."

"काकूंना सांगा ना."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही शाळेत शिकवा, आमच्या घरात नका शिकवू."

गणपतीत सामंतांकडे गावाहून पाहुणे आले. घर माणसांनी भरलं. सकाळी काकूंनी इंदूला बजावलं, "आज सगळं पाणी तू एकटीनं भरायचंस. मध्ये थांबलीस तर पाहुण्यांसमोर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी वरच्या गॅलरीत केस विंचरत होते. इंदू दोर ओढत होती आणि खालच्या ओठाला दात लावून रडत होती. एकही बाई पुढे झाली नाही. मी कंगवा टाकून जिन्याकडे धावले, पण माझ्या आधी परांजपेबाई पोचल्या होत्या. इंदूची दोन्ही हातांची बोटं दोराभोवती मिटली होती आणि उघडतच नव्हती. भरलेली बादली खाली लोंबत होती आणि तिच्या वजनानं ती मुलगी कठड्यावर ओणवी होत चालली होती. बाईंनी एका हातानं तिची कंबर धरली, दुसऱ्या हातानं दोर. मी आणि आणखी एका बाईनं मिळून बादली वर घेतली. तिची बोटं आम्हांला एकेक करून सोडवावी लागली. दर बोटाला ती किंचाळत होती.

काकू दारातून म्हणाल्या, "सणासुदीचा तमाशा!"

दुसऱ्या दिवशी इंदू घाबरीघुबरी होऊन बाईंच्या खोलीत आली. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. घरात कुणी करणी म्हणालं होतं, कुणी त्याहून वाईट काही. बाईंनी तिला खाटेवर निजवलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी पाजलं. "करणीबिरणी काही नाही. काल तुझ्या स्नायूंना इजा झाली. त्यांचा तांबडा रंग रक्तात उतरून बाहेर पडतोय. आता पडून राहायचं आणि पाणी प्यायचं."

इंदू छताकडे बघत अगदी हळू म्हणाली, "बाई, म्हणजे मी ढोंग करत नाही?"

परांजपेबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्या मुलीला इतके महिने सगळ्यांनी इतकं सांगितलं होतं की तिला स्वतःलाच आपल्या दुखण्याची खात्री उरली नव्हती. "नाही गं बाळ," त्या म्हणाल्या, "तू ढोंग करत नाहीस." आणि मग माझ्याकडे वळून, दातांवर दात दाबून, "हे केलंय या लोकांनी."

त्यांनी वसंताला स्टेशनाच्या वाटेवर गाठलं आणि रजा घ्यायला लावली. आम्ही चौघं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या दोन तरुण डॉक्टरांनी इंदूच्या छातीला नळी लावून पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि एकानं वसंताला विचारलं, "लग्नाला किती महिने झाले?" उत्तर ऐकून दोघं हसले. "होतं असं. सासू कडक आहे का?"

"कशावरून म्हणता हे?" बाईंनी विचारलं.

"आपण कोण?"

"मी शेजारीण. तुम्ही तिच्या हाताला हातही न लावता निदान केलंत, ते कशावरून केलंत, एवढंच विचारते आहे."

आवाज चढले. परिचारिका धावत आली. शेवटी आतून मोठे डॉक्टर बाहेर आले, पिकल्या केसांचे, त्रासलेले. बाईंनी पिशवीतून दोन रबरी चेंडू काढले. एक इंदूच्या हातात दिला, एक डॉक्टरांपुढे धरला. "मेहेरबानी करून दोघांनी भरभर दाबा. कुणाचाही हात दुखला की थांबायचं."

का कोण जाणे, डॉक्टरांनी चेंडू घेतला. दोघं दाबू लागले. थोड्या वेळात डॉक्टर दमले, त्यांनी चेंडू टेबलावर ठेवला आणि बोटं झटकली. इंदूनंही थांबायचा प्रयत्न केला, पण तिची मूठ चेंडूभोवती मिटलेली तशीच राहिली. डॉक्टरांनी तिचा हात कोपरापाशी चाचपला. पुन्हा चाचपला. त्या दोघा तरुणांना जवळ बोलावून म्हणाले, "हात लावून बघा."

मग ते बाईंना म्हणाले, "असा आजार माझ्या पुस्तकात नाही."

"मग पुस्तकात घाला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी टेबलावरचा चेंडू बाईंना परत दिला. वसंताला त्यांनी सांगितलं, "ही मुलगी खोटं बोलत नाही. तिला थांबावंसं वाटेल तेव्हा थांबू द्या. सध्या माझ्याकडे एवढंच औषध आहे." पुष्कळ वर्षांनी माझ्या डॉक्टर पुतण्याकडून मला समजलं की असा आजार खरंच असतो. स्नायूतली साठवलेली साखर फोडता न येण्याचा. परदेशात त्याच सुमाराला कुणीतरी तो ओळखला होता. डोंबिवलीच्या विहिरीवर एका बाईनं तो नुसता बघून ओळखला, याची नोंद कुठे असायची?

आम्हांला वाटलं, संपलं. कसलं संपलं! काकू म्हणाल्या, "म्हणजे जन्माची आजारी मुलगी आमच्या गळ्यात मारली." दुसरं लग्न कायद्यानं बंद झालेलं होतं, पण बायकोला माहेरी टाकायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती. एका सकाळी चाळीसमोर टांगा उभा राहिला आणि इंदूची ट्रंक बाहेर आली. भावाकडे तिला जागा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. वसंत खाली मान घालून ट्रंकेशेजारी उभा होता. सगळी चाळ दारांत येऊन बघत होती.

परांजपेबाई पायांत चपलाही न घालता बाहेर आल्या. "इंदू, तुला भावाकडे जायचंय?"

इंदूनं मान हलवली. नाही.

"मग ट्रंक इकडे आण. नको, तू उचलू नकोस." आणि वसंताला, "तुम्ही उचला."

वसंतानं आईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं ट्रंक उचलून टोकाच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या माणसानं आयुष्यात केलेलं तेवढंच एक धाडस असावं.

काकू संस्थेच्या चिटणीसांपर्यंत गेल्या. कार्यकारी मंडळानं बाईंना बोलावलं. सहशिक्षिका म्हणून मलाही साक्षीला बसवलं होतं. चिटणीस म्हणाले, "मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकेनं लोकांचे संसार मोडावेत, हे शोभत नाही."

"संसार मी मोडला? कशावरून?"

"दुसऱ्याची बायको तुमच्या घरात आहे."

"टांगा मी बोलावला नव्हता. ट्रंक मी बाहेर काढली नव्हती. त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही इथे बोलावलंत?"

मी तोंड उघडलं. मी सांगितलं की विहिरीवर काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चिटणीस म्हणाले, "तुम्ही मराठीच्या शिक्षिका, या विषयात आपण पडू नये." त्या मुलीनं खोली सोडावी किंवा बाईंनी शाळा, असं मंडळानं सुनावलं. परांजपेबाईंनी त्याच दुपारी शाळा सोडली. निरोपाचा साधा हारसुद्धा कुणी आणला नाही. दाराशी त्यांच्या वर्गातल्या मुली मात्र उभ्या होत्या, अगदी रडवेल्या. बाई त्यांच्यावर खेकसल्या, "तास चालू नाही का तुमचा?" आणि पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबल्या, चष्मा पुसायला.

त्या दोघी ठाण्याला, कोपरीत दोन खोल्या घेऊन राहायला गेल्या. बाई शिकवण्या घ्यायला लागल्या. इंदूला त्यांनी एस.एस.सी.ला बसवलं. "तुझा आजार स्नायूंचा आहे, डोक्याचा नाही," त्या तिला म्हणायच्या, "तेव्हा भूमितीत थकवा सांगायचा नाही." भूमितीवरून दोघींची भांडणं व्हायची, आणि मला ती ऐकून फार बरं वाटायचं, कारण इंदू भांडत होती. ती पास झाली, पुढे ठाण्यालाच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली.

मग एक दिवस डोंबिवलीत आमच्या चाळीला नळ आला. पुढच्याच रविवारी वसंत कोपरीला हजर झाला. मी योगायोगानं तिथे होते. तो थकलेला दिसत होता, केस विरळ झालेले. पाणी पिऊन म्हणाला, "आता चाळीत नळ आलाय. विहिरीचा प्रश्नच राहिला नाही. आईची काही हरकत नाही, इंदूनं परत यायला."

परांजपेबाई ताडकन उठल्या. त्यांनी तोंड उघडलं तोच इंदू म्हणाली, "बाई, तुम्ही थांबा." त्यांना असं थांबवलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्या थांबल्या.

इंदूनं वसंतापुढे चहा ठेवला. "नळ आला म्हणून मी चालते तुम्हांला," ती म्हणाली. आवाज साधा होता, रागाचा नव्हता. "उद्या नळाला पाणी आलं नाही तर?"

वसंतानं चहा संपवला. खोटं उत्तर द्यायचं नाही एवढा सभ्यपणा त्याच्यात होता. तो गेल्यावर परांजपेबाई आत मोरीपाशी जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिल्या. ती सकाळीच घासून झालेली होती.

त्यानंतर माझ्या यजमानांची बदली झाली आणि आमच्या भेटी विरळ होत गेल्या. शेवटची भेट ठाण्यालाच. दुपार होती, ऊन रणरणत होतं. त्यांच्याकडे जेवून मी निघाले आणि त्या मला टांग्यापर्यंत पोचवायला आल्या. केस बरेच पांढरे झाले होते, चाल मंदावली होती. मी टांग्यात चढून मागच्या बाजूला बसले, तेवढ्यात चढावावर एक हातगाडी अडली. धान्याच्या पोत्यांनी लादलेली. ओढणारा माणूस पुढे वाकून जीव खाऊन ओढत होता, त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, आणि मालक छत्री धरून मागून ओरडत होता, "थांबू नकोस! थांबलास तर गाडी मागे जाईल!"

परांजपेबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, रस्त्याच्या कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि गाडीच्या चाकामागे नेऊन टाकला. वर त्यावर पाय रोवून उभ्या राहिल्या.

"ओ बाई, बाजूला व्हा! माल पोचायचाय माझा!"

"पोचेल. त्याला जरा बसू द्या, म्हणजे लवकर पोचेल."

"तुमचा काय संबंध?"

बाई त्यावर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण टांगा सुरू झाला होता. मी मागे तोंड करून बसले होते, त्यामुळे ते सगळं दृश्य माझ्यासमोर हळूहळू लहान होत गेलं. मालकाची छत्री रागानं हलत होती. बाईंचं बोट त्याच्या छातीच्या दिशेनं रोखलेलं होतं. आणि गाडीवाला, हे सगळं कुणासाठी चाललंय याच्याशी काहीही देणंघेणं नसल्यासारखा, पोत्यांच्या सावलीत ऐसपैस बसला होता आणि विडी पेटवत होता. वळण आलं आणि ती तिघं दिसेनाशी झाली. त्याची विडी संपेपर्यंत बाई त्या दगडावरून हलल्या नसणार.